१२३४५६७८९८७६५४३२१ या संख्येचे मूळ अवयव

वरिष्ठ प्राथमिक वर्गांत मूळ अवयवांचा पाठ बहुधा ठरावीक रीतीने पार पडतो. शिक्षक फलकावर ३६०, ७५६ किंवा १२६० अशी एखादी संख्या लिहितात. मुले तिला दोनाने, तिनाने, पाचाने, साताने भागत खाली उतरतात. अखेरीस एक उरला की उदाहरण संपते. रीत निर्दोष आहे. परंतु उदाहरणे निवडताना आपण इतकी सवलत घेतो की, साताच्या पलीकडे जाण्याचा प्रसंगच मुलावर येत नाही. परिणामी त्याच्या मनात नकळत अशी समजूत घर करते की, लहान लहान मूळ संख्यांनी भाग गेला नाही म्हणजे संख्या मूळ झाली. अशा वर्गापुढे ३२३ ही संख्या ठेवून पाहावी. चिकाटीचा विद्यार्थी २, ३, ५, ७, ११, १३ या सर्वांनी भागून पाहतो, प्रत्येक वेळी बाकी उरते, आणि तो निःशंकपणे ‘मूळ’ असे उत्तर लिहितो. वस्तुतः ३२३ = १७ × १९.

‘अवयव सापडला नाही’ आणि ‘अवयव नाही’ ही दोन विधाने अगदी भिन्न आहेत. पहिले विधान श्रमाने करता येते, दुसऱ्यास कारण द्यावे लागते. हा भेद लहान संख्यांवर मुलांना पटत नाही, कारण तेथे पाढ्यांवरूनच उत्तर सुचते. म्हणून इयत्ता सातवीच्या वर्गासाठी पुढील पाठात मुद्दामच एक प्रचंड संख्या घेतली आहे. पाठास किमान दोन तासिका लागतील. तिसरी मिळाल्यास उत्तम.

ती संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकांची ही संख्या एकापासून नऊपर्यंत चढते व पुन्हा एकापर्यंत उतरते. डावीकडून वाचा की उजवीकडून, अंकांचा क्रम तोच. फलकावर ती मोठ्या अंकांत लिहून प्रथम वाचून घ्यावी. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी मांडणी होते. शंभर कोटींचा एक अब्ज धरला म्हणजे तिचे वाचन ‘एक कोटी तेवीस लक्ष पंचेचाळीस हजार सहाशे अठ्ठ्याहत्तर अब्ज, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लक्ष चोपन्न हजार तीनशे एकवीस’ असे होईल. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत, सहस्र येथपासून निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध येथपर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. आपल्या संख्येचा सर्वांत डावीकडील १ हा त्यांपैकी सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानी बसतो. परार्धाला एकच स्थान कमी पडले, हे ऐकून मुलांना मौज वाटते.

या संख्येला आपल्या प्रांतात एक विशेष मान आहे. नाशिकजवळील देवळाली येथे १९३० पासून १९६२ पर्यंत शाळाशिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा चढत्या-उतरत्या अंकांच्या संख्यांचा अभ्यास केला आणि त्यांना ‘डेम्लो संख्या’ असे नाव दिले. हे नाव त्यांनी त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डोंबिवली स्थानकावरून घेतले होते. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये जाहीर केला व तो पुढे जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून प्रसिद्ध झाला. संशोधनाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, विद्यापीठात अध्यापकाची जागाही नव्हती. शाळेतील नोकरी सांभाळूनच त्यांनी हे सर्व केले. पुढील पाठातील एकही पायरी फलक, खडू आणि भागाकार यांपलीकडची साधने मागत नाही, हे त्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

प्रथम संख्या घडली कशी, ते पाहावे. मुलांकडून ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१ आणि ११११ × ११११ = १२३४३२१ हे गुणाकार उभ्या मांडणीने करवून घ्यावेत. उत्तर लिहून थांबू नये. बेरजेच्या स्तंभांकडे लक्ष वेधावे. ११११ ला ११११ ने गुणताना एकाखाली एक चार ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडून पहिल्या स्तंभात एकच १ पडतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार आणि मग पुन्हा तीन, दोन, एक. म्हणजे उत्तरातील प्रत्येक अंक त्या स्तंभातील एकांची केवळ मोजदाद आहे. नऊ एकांच्या १११११११११ या संख्येचा वर्ग केल्यास मधल्या स्तंभात नऊ एक येतील, हातचा कोठेच नाही, म्हणून

१११११११११ × १११११११११ = १२३४५६७८९८७६५४३२१.

दहा एक घेतले तर काय होईल, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. न विचारल्यास शिक्षकाने विचारावा. मधल्या स्तंभात दहा येतात, हातचा डावीकडे जातो, तेथील नवाचे दहा होतात, पुन्हा हातचा जातो, आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. मांडणीतील डौल तेथेच मोडतो. नवांकी संख्या ही या मालिकेतील शेवटची देखणी संख्या होय.

आता अवयवांकडे वळू. संख्या विषम असल्याने २ हा अवयव नाही. शेवटचा अंक ० किंवा ५ नसल्याने ५ हाही नाही. अंकांची बेरीज ४५ + ३६ = ८१ येते, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो. येथे उतावळ्या विद्यार्थ्याला वाटते की, बेरीज ८१ आली म्हणजे ८१ नेही भाग गेलाच पाहिजे. हा निष्कर्ष चूक आहे. १८९९ या संख्येच्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागता ९ बाकी उरते. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ व ९ यांच्यापुरतीच खरी, कारण १०, १००, १००० यांना नवाने भागल्यास प्रत्येक वेळी १ हीच बाकी राहते. २७ किंवा ८१ यांच्या बाबतीत तसे होत नाही. कसोट्या तोंडपाठ करून घेताना हे कारण आपण वारंवार गाळतो, आणि मग मुले कसोटीला तिच्या हद्दीबाहेर नेतात.

कारण समजले की त्याच कारणाने दुसरी कसोटी हाती येते. १००० ला ९९९ ने भागल्यास बाकी १ राहते. म्हणून एकेका अंकाऐवजी उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून त्या गटांची बेरीज केली, तर ९९९ ने जाणारा भाग ओळखता येईल. आपल्या संख्येचे गट १२, ३४५, ६७८, ९८७, ६५४, ३२१ असे पडतात. त्यांची बेरीज २९९७. पुन्हा गट पाडता २ + ९९७ = ९९९. म्हणजे सतरा अंकी संख्येला ९९९ ने निःशेष भाग जातो; आणि ९९९ = २७ × ३७ असल्यामुळे २७ व ३७ हे दोन्ही तिचे विभाजक ठरले. एकही दीर्घ भागाकार न करता ३७ सारखा आडवाटेचा अवयव सापडतो, ही गोष्ट वर्गात चांगलाच परिणाम करते.

त्याच गटांचा आणखी एक उपयोग आहे. १००१ = ७ × ११ × १३. १००० ही १००१ पेक्षा एकाने कमी, म्हणून येथे गटांची आळीपाळीने वजाबाकी व बेरीज करावयाची : ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. या ३०९ ला ७ ने भागता १, ११ ने भागता १ व १३ ने भागता १० बाकी राहते. तेव्हा ७, ११, १३ हे तिघेही बाद.

इथवर कसोट्यांनी काम दिले. पुढे मात्र त्यांच्यावर विसंबून चालणार नाही. प्रत्येक संख्येने भागत जाण्याचे ठरविले, तर १११११११११ पर्यंत मजल मारावी लागेल. दर मिनिटास एक भागाकार या गतीने, दिवसरात्र विश्रांतीविना, त्यास दोनशे अकरा वर्षे लागतील. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा. आकडा ऐकून वर्ग हसतो, पण त्यानंतर ‘दुसरी काही युक्ती आहे का?’ हा प्रश्न खऱ्या गरजेतून येतो.

युक्ती अशी की, संख्येवर हल्ला न करता तिच्या घडणीवर करावा. संख्या हा १११११११११ चा वर्ग आहे. मूळ संख्येने एखाद्या गुणाकाराला भाग जात असेल, तर गुण्य व गुणक यांपैकी एकाला तरी तिने भाग जातोच. येथे दोन्ही एकच असल्याने मोठ्या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव या नऊ एकांच्या संख्येतच असला पाहिजे. सतरा अंकांचे काम नऊ अंकांवर आले.

नऊ एकांचे तीन-तीनांचे गट केले, तर १११,१११,१११ असे दिसते. प्रत्येक गट १११ च आहे; म्हणून १११११११११ = १११ × १००१००१. पैकी १११ = ३ × ३७. आणि १००१००१ च्या अंकांची बेरीज ३ असल्यामुळे तिला तिनाने भाग जातो : १००१००१ = ३ × ३३३६६७. अशा रीतीने

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७.

जाता जाता एक गमतीची गोष्ट सांगावी. ३७ × ३३३६६७ = १२३४५६७९. पाढ्यांच्या करमणुकीत मुलांना परिचित असलेली, आठ गाळलेली हीच ती संख्या. तिला ९ ने गुणले की नऊ एक येतात, १८ ने गुणले की नऊ दोन. आमच्या संख्येचे मूळही तेच निघाले : ती १२३४५६७९ च्या वर्गाची ८१ पट आहे. म्हणजे अंकांच्या बेरजेवरून ८१ ने भाग जातो हा मघाचा उतावळा निष्कर्ष योगायोगाने खरा ठरला. तर्क मात्र तरीही चूकच होता. उत्तर बरोबर आणि कारण चूक, अशा वहीस किती गुण द्यावेत, हा प्रश्न शिक्षकांनी आपसांत चर्चेस घेण्याजोगा आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी ‘हर्षद संख्या’ असे नाव दिले होते. त्या वर्गातही आपली संख्या बसते.

आता पाठाचा कठीण भाग. ३३३६६७ ही संख्या मूळ आहे काय?

अवयव नेहमी जोडीने येतात. ३२३ ला १७ ने भाग गेला की १९ आपोआप आला. जोडीतील दोघेही वर्गमूळाहून मोठे असू शकत नाहीत, कारण तसे असते तर त्यांचा गुणाकार मूळ संख्येपेक्षा जास्त झाला असता. म्हणून वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे, आणि तेथपर्यंत भागून पाहणे आवश्यकही. १८ चा वर्ग ३२४, म्हणून ३२३ साठी १७ पर्यंत जावयास हवे होते. विद्यार्थी १३ वर थांबला, एकच पायरी अलीकडे. ‘कोठे थांबावयाचे’ हे ज्याला सांगता येते, त्यालाच ‘अवयव नाही’ असे म्हणण्याचा अधिकार पोचतो.

५७७ चा वर्ग ३३२९२९ आणि ५७८ चा ३३४०८४. तेव्हा ३३३६६७ साठी थांबण्याचे ठिकाण ५७७ होय. २ पासून ५७७ पर्यंत एकंदर १०६ मूळ संख्या आहेत. चाळीस मुलांच्या वर्गात वाटून दिल्यास १०६ भागाकार एका तासिकेत होतील, आणि ज्या शिक्षकांना पुढील युक्तिवाद वर्गाच्या आवाक्याबाहेरचा वाटेल त्यांनी खुशाल तसे करावे. सिद्धतेत त्यामुळे काही न्यून येत नाही. परंतु आवर्ती दशांश अपूर्णांक शिकलेल्या वर्गाला १०६ चे १६ करता येतात. ते कसे, ते सावकाश पाहू.

१ ला १३ ने भागून दशांश काढावा. ०.०७६९२३ नंतर तेच अंक पुन्हा येऊ लागतात. भागफळाकडे न पाहता बाक्यांकडे पाहावे : १, १०, ९, १२, ३, ४ आणि पुन्हा १. सहा बाक्यांचा हा एक फेरा झाला. त्यात न आलेली २ ही बाकी घेऊन पुन्हा भागावे : २, ७, ५, ११, ६, ८ आणि पुन्हा २. हाही फेरा सहांचाच. हा योगायोग नव्हे. पहिल्या फेऱ्यातील प्रत्येक बाकीची दुप्पट करून तीतून शक्य तेथे १३ वजा केले की दुसरा फेरा त्याच क्रमाने मिळतो. १ पासून १२ पर्यंतच्या बारा बाक्या अशा दोन सारख्या फेऱ्यांत वाटल्या गेल्या. भाजक २ व ५ सोडून कोणतीही मूळ संख्या असो, सर्व फेरे सारख्याच लांबीचे असतात. म्हणून फेऱ्याच्या लांबीने ‘भाजक उणे एक’ या संख्येला निःशेष भाग गेलाच पाहिजे. ३७ वर हे पडताळून पाहावे : १ ÷ ३७ = ०.०२७०२७..., फेरा तिनाचा, आणि ३६ ला तिनाने भाग जातो.

आता समजा, एखाद्या मूळ संख्येने ३३३६६७ ला भाग जातो. ३३३६६७ × २९९७ = ९९९९९९९९९ असल्यामुळे तिने नऊ नवांच्या संख्येलाही भाग जाईल. याचा अर्थ, १ वर नऊ शून्ये घेऊन तिने भागले असता बाकी पुन्हा १ येईल. नऊ पावलांत फेरा जागेवर परततो. मग फेऱ्याची लांबी १, ३ किंवा ९ यांपैकीच असणार. लांबी १ असेल तर त्या संख्येने ९ ला भाग जातो, म्हणजे ती ३. लांबी ३ असेल तर तिने ९९९ ला भाग जातो, आणि ९९९ चे मूळ अवयव ३ व ३७ एवढेच. परंतु ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, म्हणून ३ चा भाग जात नाही; आणि ३७ × ९०१८ = ३३३६६६, म्हणून ३७ ने भागता १ उरतो. दोघेही गेले. राहिली लांबी ९. अर्थात ‘भाजक उणे एक’ ला नवाने भाग जावयास हवा. भाजक विषम असल्याने त्याच संख्येला दोनानेही भाग जातो. म्हणजे १८ ने. सारांश, शोधावयाचा भाजक १८ च्या पटीत एक मिळवून होणारा असला पाहिजे.

१९, ३७, ५५, ७३, ९१ अशी अठरा-अठरांनी वाढणारी यादी ५७७ पर्यंत करावी व तीतील संयुक्त संख्या खोडाव्यात. उरतात सतरा, त्यांतील ३७ आधीच तपासली. बाकीच्या सोळा मुलांच्या जोड्यांना दोन-दोन याप्रमाणे वाटून द्याव्यात आणि प्रत्येक जोडीने दुसऱ्या जोडीचे काम भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी या रीतीने तपासावे. शिक्षकाच्या सोयीसाठी बाक्या येथे देतो : १९ ने ८, ७३ ने ५७, १०९ ने १८, १२७ ने ३८, १६३ ने ६, १८१ ने ८४, १९९ ने १४३, २७१ ने ६६, ३०७ ने २६५, ३७९ ने १४७, ३९७ ने १८७, ४३३ ने २५७, ४८७ ने ७२, ५२३ ने ५१६, ५४१ ने ४११ आणि ५७७ ने १६१. शून्य कोठेही नाही. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, आणि हे विधान आता ‘सापडला नाही’ या जातीचे राहिलेले नाही. एका जोडीने चुकून शून्य बाकी आणली, तर तिला रागावण्याऐवजी तिचा भागाकार फलकावर घ्यावा. सबंध निष्कर्ष त्या एका भागाकारावर कसा लोंबकळत होता, हे त्यावरून सर्वांना दिसेल.

मोठ्या संख्येची संपूर्ण फोड आता लिहिता येते : ३ हा अवयव चार वेळा, ३७ दोन वेळा, ३३३६६७ दोन वेळा. ही फोड कोणत्याही वाटेने काढली तरी हीच येईल; मूळ अवयवांची फोड एकाहून अधिक प्रकारची नसते. तिच्यावरून विभाजकांची संख्याही मोजता येते. विभाजक तयार करताना ३ एकही न घेता किंवा एक, दोन, तीन, चार घेऊन, असा पाच प्रकारांनी घेता येतो. ३७ तीन प्रकारांनी. ३३३६६७ तीन प्रकारांनी. ५ × ३ × ३ = ४५. सतरा अंकांच्या संख्येला अवघे पंचेचाळीस विभाजक, आणि तेही विषम संख्येने. कारण जोड्या लावताना १११११११११ ची जोडी स्वतःशीच लागते. अवघ्या सहा अंकांच्या ७२०७२० या संख्येला २४० विभाजक आहेत, हे शेजारी मांडले म्हणजे संख्येचा आकार आणि विभाजकांची विपुलता यांचा संबंध नसल्याचे मुलांना उमगते.

येथे कोणी म्हणेल की, हे सर्व गणकयंत्र क्षणात करील. संगणक खरोखरच करतो. हातातील साध्या गणकयंत्राच्या पट्टीवर मात्र आठ, दहा किंवा बारा अंकच मावतात. सतरा अंकांचा वर्ग ते शेवटचे अंक गाळून दाखवील, आणि गाळलेल्या अंकांवर विभाज्यता ठरविता येत नाही. संगणकाचीही मर्यादा आहे. सर्वच मोठ्या संख्यांची घडण आपल्या संख्येइतकी उघड नसते. दोनाच्या सदुसष्टाव्या घातातून एक वजा केल्यास १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही एकवीस अंकी संख्या येते. मॅरिन मर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये तिची गणना मूळ संख्यांत केली होती. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ती मूळ नाही असे दाखविले. पण अवयव मात्र त्यांना सांगता आले नाहीत. ‘अवयव आहेत’ हे ठाऊक, ‘कोणते’ हे अज्ञात, अशा स्थितीत सत्तावीस वर्षे गेली. १९०३ मध्ये अमेरिकेतील फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ अशी फोड दिली. तो गुणाकार ताळून पाहणे सातवीच्या विद्यार्थ्यालाही एका बैठकीत शक्य आहे. शोधणे आणि ताळणे यांतील हीच तफावत आज गुप्तलेखनाच्या उपयोगी पडली आहे. शेकडो अंकांच्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार उघड ठेवला, तरी त्याची फोड करणे आजच्या संगणकांना दुष्कर जाते, या विश्वासावर १९७७ पासून एक प्रसिद्ध पद्धती उभी आहे. २०२० मध्ये अशाच एका २५० अंकी संख्येची फोड झाली, तेव्हा त्या कामी पुष्कळ संगणक गुंतवावे लागले होते.

दुसऱ्या तासिकेच्या अखेरीस स्वाध्याय म्हणून मालिकेतील धाकट्या संख्या द्याव्यात. १२३२१ व १२३४३२१ सोप्या आहेत : पहिलीचे मूळ १११ = ३ × ३७, दुसरीचे ११११ = ११ × १०१. सहा एकांची संख्या अवयवांनी सर्वांत समृद्ध निघते : १११११११ नव्हे, १११११११ मधील एक १ कमी केलेली १११११११ ÷ १० ची पूर्ण भागफळ संख्या, म्हणजे ११११११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७; मुले एकांची मोजदाद हमखास चुकतात, म्हणून एक लिहितानाच तीन-तीनांचे गट पाडण्याची सवय लावावी. पाच एकांच्या ११११११ ऐवजी १११११ घेतली आहे याची खात्री करून तिच्यावर फेऱ्याची युक्ती वापरण्यास सांगावे. फेरा पाचाचा, भाजक विषम, म्हणून तो १० च्या पटीत एक मिळवून होणारा असणार. ११ व ३१ बाद होतात, ४१ लागू पडतो, आणि भागाकार २७१ येतो. २७१ चे वर्गमूळ सतराहून कमी, तेथपर्यंत यादीत ११ एवढीच संख्या, आणि ती आधीच बाद झालेली. म्हणून २७१ मूळ.

हुशार विद्यार्थ्यांना सात एकांची संख्या द्यावी : १,१११,१११. अंकांची बेरीज ७ असल्याने ३ चा प्रश्न उरत नाही. फेरा साताचा, भाजक १४ च्या पटीत एक मिळवून होणारा. यादीतील मूळ संख्या अनुक्रमे २९, ४३, ७१, ११३, १२७, १९७, २११, २३९. पहिल्या सातांनी बाकी राहील. मुलांचा धीर येथे सुटू लागतो, तेव्हा त्यांना थांबण्याचे ठिकाण विचारावे. १०५४ चा वर्ग ११,१०,९१६ व १०५५ चा ११,१३,०२५; म्हणजे थांबण्याचे ठिकाण अजून फार दूर आहे. आठवा भागाकार, २३९ चा, निःशेष जातो व ४६४९ हाती येतात. आता ४६४९ मूळ आहे हे एकही नवा भागाकार न करता सांगावयाचे आहे. ६९ चा वर्ग ४७६१ आहे एवढी सूचना पुरे.